समुद्राकाठची बंगली

"पाळणा कशाला बांधलाय गं? मोटार हाय का मालगाडी?" सासू गुणाबाई पुटपुटल्या, पण नीलाला ऐकू जाईल अशाच बेतानं.

नीला हसली आणि खोकली. पदर तोंडाशी धरूनच तिनं तान्ह्याची दुपटी गाठोड्यात कोंबली. बेळगावात खासबागेतल्या या घरात सगळ्यांनी तिला एकच सांगितलं होतं, वेंगुर्ल्याला मामंजींची बंगली आहे, हवा बदलून ये. मामंजी मार्तंडराव मोठे नाटककार. अखेरची दोन वर्षं त्या बंगलीत ते एकटे राहिले आणि तिथंच वारले. नाटक लिहायला निवांतपणा लागतो, असं घरचे सांगत आले होते आणि गावानं ते मानलं होतं. नाटकवाल्यांचं आमचं बेळगाव काहीही मानतं.

"बाळाला ठेव की इथंच," तिचा नवरा आनंद भिंतीकडे बघत म्हणाला.

"अंगावर पितंय ते. मामंजींच्या खोलीत निजलं तर बुद्धी तरी येईल."

बाहेर मोटारवाल्यानं भोंगा वाजवला. नीलानं बाळाला उचलून गालाशी धरलं. पुन्हा खोकल्याची उबळ आली, तशी गुणाबाईंनी बाळ तिच्या हातातून ओढूनच घेतलं.

"आत्याबाई, द्या की त्याला!"

गुणाबाईंनी मुलाकडे पाहिलं. आनंद चपला शोधत होता. त्या त्याच्या पायातच होत्या.

"नाटक न्हाय की काय न्हाय," त्या बाळाला छातीशी आवळून म्हणाल्या. "ह्यांना क्षय झालता, पोरी. आम्हीच त्यांना तिकडं ठेवलं. तुलाबी त्योच झालाय."