नारिंगी जॅकेट

पालिकेच्या रस्ते विभागातल्या मोजणीदाराला बायको निघताना एकच गोष्ट बजावायची: जॅकेट घाला. नारिंगी, चकाकत्या पट्ट्यांचं, लांबून डोळ्यांत खुपणारं. हा गृहस्थ बायकोच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही, आणि नेमकं तेच त्याच्या अंगाशी आलं.

शाळेजवळच्या वळणावर वेगमर्यादा पन्नासवरून तीसवर आणा, असा पालकांचा अर्ज होता. पहिली सही त्याच्याच बायकोची, कारण त्यांची आठ वर्षांची लेक रोज चार वाजता तिथूनच रस्ता ओलांडायची. मर्यादा ठरवायचा अधिकार पालिकेचा, पण आधी गाड्यांच्या वेगाची मोजणी हवी. तो तीन दिवस स्पीडगन घेऊन वळणावर उभा राहिला. जॅकेट दिसलं की वारा प्यालेले ड्रायव्हर गोगलगाय व्हायचे. सरासरी आली एकतीस. गाड्या मुळातच सावकाश जातात, असा शेरा मारून साहेबांनी अर्ज निकाली काढला. चूक याच्या ध्यानात आली तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या, आणि वर्षभर फेरमोजणी नाही असा नियम होता.

तेव्हापासून तो रोज पावणेचारला जॅकेट चढवून, बंद स्पीडगन हातात धरून वळणावर उभा राहू लागला. कचेरीतले त्याला बुजगावणं म्हणायचे. तो हसण्यावारी न्यायचा, पण लेकीला घेऊन पाठ फिरवली की मागे गाड्यांचा आवाज चढायचा, आणि त्याच्या मनात यायचं: उद्या आपल्याला ताप आला तर?

शेवटी त्याने मनाचा हिय्या केला आणि मोजणी माझ्यामुळे चुकली, असं लेखी दिलं. विषय थेट पालिकेच्या सभेत गेला. सभा दोनची, पण सगळ्यांना बोलायचं होतं. साडेतीनला तो चुळबुळ करत उठला.

"विषय तुमचाच," अध्यक्ष म्हणाले, "तुम्हीच उठून कसं चालेल? बसा."

तो बसला. जॅकेट खुर्चीच्या पाठीवर होतं. चारला पाच मिनिटं असताना हात वर झाले. मर्यादा तीस, एकमताने, पाटी उद्या सकाळी लागणार. कुणीतरी त्याची पाठ थोपटली. त्याला खरोखर हलकं वाटलं.

चार वाजून सहा मिनिटांनी बायकोचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता, आणि एक हॉर्न थांबतच नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही आज वळणावर नव्हतात का?"