जिभेचं टोक

“त नको, पुरा, द म्हण!” बँडमास्तर तिबुर्सियोंनी कपाळावर हात मारला. “सुराला लाथ घालतेस की काय? जिभेचं टोक पत्तीला नुसतं लावायचं आणि काढायचं. फुंक थांबता कामा नये.”

पुरानं सॅक्सोफोन तोंडातून काढला. तोंडाशी बसवलेल्या वेताच्या पत्तीनं तिची जीभ सोलवटली होती. “मास्तर, आयुष्यभर मासळीबाजारात त-त-प-प न करता भांडलेली जीभ ही. एकदम मऊ कशी व्हायची?”

खाटेवर बसलेला तिचा नवरा सेल्मो तोंडाच्या एकाच बाजूनं हसला. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याची जीभ लुळी पडली होती. तो बँडमध्ये वाजवायचा ते हे वाद्य गावच्या बँडचं. घरात वाजवणारं उरलं नाही की परत द्यायचं. महिन्यापूर्वी मास्तर न्यायला आले, तेव्हा पुरा आडवी आली, “मी शिकते.” आज परीक्षा होती. सॅक्सोफोन त्याच्या डोळ्यांसमोरून जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

गाव म्हणालं, काय ही नवऱ्यावरची माया! माया कसली, तिचं मन तिला खात होतं. “तुझी टिवटिव डुकरांपुढे कर,” म्हणत वर्षानुवर्षं तिनं त्याला कुंपणामागे पिटाळलं होतं. झटका आला त्या दुपारीही तो तिथंच द-द-द घोटत होता. सूर मध्येच तुटला. तिनं ऐकलं. ‘सुटले बाई एकदाची,’ म्हणाली आणि बांगूस मासे साफ करत बसली. भात झाल्यावर बोलवायला गेली, तर तो चिखलात पडलेला. लवकर आणलं असतं तर वाचा राहिली असती, डॉक्टर म्हणाले. आपण ऐकलं होतं, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

“पुन्हा,” मास्तर म्हणाले.

तिनं डोळे मिटले. द. द. द. सूर एकमेकांचा हात धरून चालू लागले. त्या दुपारी त्याचा सूर जिथं तुटला होता, ती जागा आली. जीभ अडखळली, पण फुंक तिनं सोडली नाही. ती पुढे गेली.

“जमलं,” मास्तर म्हणाले. मग खुंटीवरचा सेल्मोचा बँडचा पांढरा कोट काढून त्यांनी तिच्या अंगावर चढवला. “रविवारी संत सान रोकेच्या मिरवणुकीत वाजवायला ये. बाह्या तेवढ्या दुमड.”

पुराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाद्य राखायला गेली आणि त्याची जागाच घेऊन बसली. “सेल्मो, नको रे, हे तुझं…” ती कोट काढू लागली.

सेल्मोनं चालता हात पुढे केला. ती वाकली. तो वरचं बटण लावू लागला. बटण काजात जाईना, सारखं निसटे. मास्तर मदतीला सरसावले, तशी त्यानं मान हलवली. बटण लागेपर्यंत पुरा वाकून उभी राहिली.