ज्याचा संबंध, त्याने बाहेर बसावं

राजधानीतल्या लोकांना शिव्या घालायला त्या गावाला कधी निमित्त शोधावं लागलं नाही. शाळेचं छप्पर गळायचं, दुरुस्तीची परवानगी यायची तिसऱ्या वर्षी, तोवर छप्पर खाली आलेलं असायचं. पहिलीच्या पोरांसाठी नववीची पुस्तकं यायची, आणि ती परत पाठवायची तर त्यालाही तिथलाच हुकूम लागायचा. म्हणून नवा कायदा झाला आणि शाळांचे सगळे निर्णय इथून पुढे गावाची समितीच घेणार असं जाहीर झालं, तेव्हा माणसं रस्त्यावर आली. ‘आमची शाळा, आमच्या हातात’ असा कापडी फलक घेऊन लोक चौकभर फिरले. तो फलक शिलाईवालीने फुकट शिवून दिला होता, वर काठाला झालरही लावली होती.

तिच्या आनंदाला कारण होतं. तिची मुलगी नऊ वर्षांची, जन्मापासून बहिरी. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. पाच वर्षांची होईपर्यंत ही पोर काही हवं असलं आणि कुणाला कळलं नाही की जमिनीवर डोकं आपटायची. कपाळावर कायम टेंगूळ. मग शाळेत, नकाशे ठेवायच्या खोलीला लागून, सहा मुलांचा एक वर्ग सुरू झाला. तिथे शिकवणारी बाई हातांनी बोलायची, हातांनी रागवायची, हातांनी गोष्टी सांगायची. पोरं सोडा, थोरांनीही तिचं नाव ‘हातांची बाई’ ठेवलं. दोन महिन्यांत भिंगरीने आईला हाताने सांगितलं की तिला वांगी आवडत नाहीत. शिलाईवाली त्या दिवशी मशीनवर डोकं ठेवून रडली. पाच वर्षं ती पोरीला वांगी भरवत होती.

हा वर्ग राजधानीच्या एका जुन्या हुकमाने चालत होता. पाच बहिरी मुलं असली तर शिकलेली बाई द्यायलाच हवी, असा तो हुकूम. पण बाईची दरवर्षी बदली व्हायची आणि ती रद्द करून घेता घेता शिलाईवालीच्या नाकी नऊ यायचे. तिला वाटलं, आता कारभार आपल्या माणसांकडे आला, बाई कायमची आपली झाली. ती समितीच्या निवडणुकीला उभी राहिली आणि भरघोस मतांनी आली. कुणाकुणाच्या कमरेचा घेर किती वाढला हे तिने आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. तेवढ्या उपकारावरही ती निवडून आली असती.

समिती पाच जणांची. अध्यक्ष औषधवाला, त्याला कुणालाच दुखवायचं नसायचं आणि त्यामुळे तो सगळ्यांनाच थोडंथोडं दुखवायचा. दुसरा सिमेंटवाला. तिसरे निवृत्त हेडमास्तर. चौथा तिचा धाकटा भाऊ, नळदुरुस्तीवाला, नदीपलीकडच्या वस्तीतून निवडून आलेला. घरात भिंगरीची हातांची बोली सगळ्यात आधी शिकला तो हाच मामा. आणि पाचवी ती.

पहिल्याच बैठकीत शाळेच्या कुंपणाची भिंत निघाली. सिमेंटवाल्याने भिंत किती आवश्यक आहे यावर लांबलचक भाषण केलं. शिलाईवाली उठली आणि म्हणाली, “ज्याचा घरचा संबंध असेल त्याने मत देऊ नये. बाहेर बसावं. नाहीतर राजधानीत आणि आपल्यात फरक काय?” हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. नियम एकमताने झाला. सिमेंटवाला बाहेर जाऊन बसला आणि भिंत बारगळली. त्या रात्री ती फार खूश होती. आपण काहीतरी स्वच्छ केलं असं तिला वाटलं, आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या बैठकीत औषधवाल्याने चष्मा पुसला. तो चष्मा पुसायला लागला की समजावं, काहीतरी कडू पाजणार आहे. वरून अधिकार सगळे आले होते, पैसा मात्र निम्मा आला होता. आणि तो जुना हुकूमही आता लागू नव्हता. नदीपलीकडच्या मुलांसाठी बस करायची, की हातांच्या बाईचा वर्ग चालू ठेवायचा? दोन्ही जमणार नव्हतं.

नदीपलीकडून येणारी मुलं ट्रकच्या रस्त्याने कडेकडेने चालत यायची. मागच्या वर्षी एकीचा पाय गेला होता. हे शिलाईवालीलाही ठाऊक होतं. त्या पोरीचा फ्रॉक तिनेच शिवला होता. तरी ती बोलायला उभी राहिली, तेवढ्यात सिमेंटवाला गोड आवाजात म्हणाला, “ताई, आधी नियम.”

“कुठला नियम?”

“तुमचाच. तुमची मुलगी त्या वर्गात आहे ना? मग बाहेर बसायचं.”

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. “आणि माझ्या भावाची जुळी पोरं बसमधून येणार, त्याचं काय?”

“बस सगळ्यांची आहे, ताई,” औषधवाला म्हणाला. “तिला घरचा संबंध कसं म्हणायचं? वर्ग सहा जणांचा आहे.”

“म्हणजे जास्त जणांचं असलं की ते गावाचं, आणि कमी जणांचं असलं की ते माझ्या घरचं?”

हेडमास्तरांनी वर पंख्याकडे बघितलं. “नियम सगळ्यांना सारखा, बाई,” ते पुटपुटले, “तुम्हीच तर म्हणालात.” भाऊ खाली मान घालून नखातलं काळं काढत बसला होता.

दाराशी जाऊन तिने मनाशी हिशेब केला. औषधवाला आणि सिमेंटवाला बसच्या बाजूचे. हेडमास्तर वर्गाच्या बाजूचे, तसा त्यांनी शब्दच दिला होता. भाऊ तर आपलाच. मतं समसमान पडली तर आहे ते चालू राहतं. म्हणजे वर्ग वाचला. बाहेरच्या बाकावर बसताना तिला जवळजवळ हसू येत होतं.

दार उघडलं तेव्हा सगळ्यात आधी भाऊ बाहेर आला आणि तिच्याकडे न बघता जिना उतरून गेला. तिला कळायचं ते कळलं. मागून हेडमास्तर आले. “मी शब्द पाळला,” एवढंच ते म्हणाले. औषधवाल्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नका. मुलगी हुशार आहे. साध्या वर्गात बसेल, पाहून पाहून शिकेल. काही अडलं तर आम्ही आहोतच की, आता राजधानीला हात जोडायची गरज नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने तरीही राजधानीला फोन लावला. सवयच होती. पूर्वी हे लोक फोन उचलायचे नाहीत. आता पहिल्याच घंटेला उचलला.

“हा विषय आता आमच्याकडे नाही,” पलीकडची तरुण मुलगी उत्साहाने म्हणाली. “तुमच्या गावाकडेच सोपवलाय. अभिनंदन!”

“पण गावानेच वर्ग बंद केलाय.”

“मग समितीकडे तक्रार करा ना. समितीत ओळखीचं कुणी आहे का?”

“आहे,” शिलाईवाली म्हणाली.

“मग झालं तर!”

तिने फोन ठेवला. इतकी वर्षं ती ज्यांना शिव्या घालत आली होती त्यांची तिला आता चक्क आठवण येत होती. त्यांची तोंडं तिने कधी पाहिली नव्हती. त्यांच्यावर चिडून रात्री निवांत झोपता यायचं. आता समोरच्या काउंटरवर औषधवाल्याची पँट पडली होती, उंची कमी करायला दिलेली. ती मशीनवर बसली आणि तिने ती उंची नीट मापाने कमी केली. दुसरं करणार काय?

संध्याकाळी भाऊ घरी आला. आत यावं की नाही अशा विचारात उंबऱ्यातच उभा राहिला.

“ताई, माझी पोरं रोज त्या ट्रकांच्या पुढून चालतात गं.”

“माहीत आहे मला.”

“तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?”

तिला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही बोलता आलं नाही. शिव्या द्याव्यात तर तो चुकलेला नव्हता. माफ करावं तर तेवढं मन मोठं नव्हतं. तिने नुसतं पाण्याचं भांडं पुढे केलं. ते घेऊन तो आत येऊन खाली बसला.

तेवढ्यात भिंगरी आतून धावत आली आणि मामाच्या मांडीवर चढून बसली. बाईने वर्गात कपाटं रिकामी केली होती, चित्रं उतरवली होती. तिने भराभर हात हलवून विचारलं: बाई चालली? का? कोण म्हणालं?

शिलाईवालीने हात उचलला. तिच्या मनात आलं, लांब, खिडकीपार कुठेतरी दाखवावं आणि सांगावं, तिकडच्या लोकांनी. पोरीला अजून याच गावात राहायचं होतं, औषधवाल्याकडून गोळ्या आणायच्या होत्या, याच मामाच्या मांडीवर बसायचं होतं. एवढं एक खोटं तिला लाखमोलाचं वाटलं.

भावाने तिचा हात धरून खाली केला. “नको,” तो म्हणाला. आणि त्याने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. मी.

भिंगरीला आधी ती थट्टाच वाटली. ती हसली. मग त्याचं तोंड पाहून हसायची थांबली आणि मांडीवरून उतरली. ती आईकडे वळली. या वेळी हात भराभर हलले नाहीत, बाईने शिकवले होते तसे एकेक करून, अगदी स्वच्छ हलले: तेव्हा तू कुठे होतीस?

शिलाईवालीला नियम सांगायचा होता, भिंत सांगायची होती, समसमान मतं सांगायची होती. यातल्या कशालाच तिच्या हातांत शब्द नव्हता. तिला फक्त एकच करता आलं. तिने दाराकडे बोट केलं. बाहेर.

भिंगरीने त्या दाराकडे पाहिलं. मग भिंतीला पाठ टेकून खाली बसली आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले. तिने डोळे मिटले की तिला हाक मारायची काही सोय नसते. आईने हात हलवले, मामाने हलवले, पण बघायला समोर कुणी नव्हतं. शेवटी दोघं बहीणभाऊ हात मांडीवर ठेवून तिच्यासमोर बसून राहिले.