लांब दाबलेली अक्षरं

"सगळं पुसून टाकतो आणि ऑफिसात नेतो," दादा म्हणाला. त्याने अण्णांचा कॉम्प्युटर कपाटावरून उतरवून टेबलावर ठेवला होता. "तसंही त्यात आहे काय?"

अण्णांना जाऊन सोळा दिवस झाले होते. मी म्हटलं, आधी मी बघते.

"बघ बाई. होऊ दे तुझं समाधान." तो पडदे काढायला गेला.

अण्णांनी आयुष्यभर नकाशे काढले. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला, वाचा गेली. डोकं मात्र लख्ख राहिलं. डावा हात थरथरायचा, म्हणून मी त्यांना मोठ्या चेंडूचा माऊस आणला. तो जागचा हलवावा लागत नाही, बोटांनी चेंडू फिरवला की झालं. डाव्या हाताला सोयीची व्हावीत म्हणून त्याची बटणं उलटी करून दिली. कीबोर्डवर बोट पडलं की ते उचलायला त्यांना वेळ लागायचा. तेव्हा बटण कितीही वेळ दाबून राहिलं तरी अक्षर एकदाच उमटेल, अशी सोय केली. या जुळणीत माझे तीन रविवार गेले. त्यानंतर अण्णा बोलायला लागले. "हा चहा आहे की औषध? दिवसातून किती वेळा घ्यायचा?" एवढं लिहायला त्यांना चार मिनिटं लागायची, आणि मी हसेपर्यंत ते माझ्याकडे रोखून बघत राहायचे.

स्क्रीनच्या कडेला मी चिठ्ठी चिकटवली होती : अपडेट करायचं नाही. मला विचारल्याशिवाय अजिबात नाही.

मग कामासाठी मला पाच दिवस बाहेरगावी जावं लागलं आणि दादा इथे राहायला आला. तो ऑफिसात तीनशे कॉम्प्युटर सांभाळतो. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"अण्णांचं काही खरं नाही गं. नुसतं कीबोर्ड बडवतायत. ओळच्या ओळ म म म म. माऊस भलतीकडेच दाबतात, मग माझ्यावर डोळे वटारतात."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"मी त्यांना हेच सांगितलं. डोक्यावर परिणाम झाला असणार, म्हणाले. शांत राहायचं औषध दिलंय. आणि ते मशीन मी वर ठेवलं, उगाच चिडचिड होते त्यांची."

मी विश्वास ठेवला. हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. मी परत आले तेव्हा अण्णा कपाटाच्या वर बघत होते. मला वाटलं, कुठेच बघत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते गेले.

आता मी डावा हात चेंडूवर ठेवला आणि अण्णांचं बटण दाबलं. फाइल उघडली नाही, भलतीच यादी उघडली. पुन्हा दाबलं, पुन्हा यादी. मग एक कोरं पान उघडून 'म'वर बोट ठेवलं आणि अण्णांसारखंच उचललं नाही. अर्धी ओळ भरली.

अपडेटची तारीख शोधायला मिनिटही लागलं नाही. मी निघाले त्याचा दुसरा दिवस, सकाळी अकरा वीस. त्याच दिवशीची अण्णांची फाइल उघडली. पानभर अक्षरांच्या रांगा आणि काना-वेलांट्यांची कुंपणं. प्रत्येक रांगेतलं एकेकच अक्षर ठेवत मी मनात वाचत गेले. शेवटपर्यंत वाचलं.

"दादा, इकडे ये."

"पडदे—"

"ये म्हटलं ना."

तो आला. मी तारखेवर बोट ठेवलं.

"हां, केलं होतं. दोन वर्षांचं तुंबलं होतं सगळं. सुरक्षिततेसाठी करावं लागतं."

"कोणाच्या?"

मी स्क्रीनच्या कडेवर बोट टेकवलं.

"चिठ्ठी होती."

"होती. मला वाटलं, तुला यातलं काय कळतंय. अगं, अपडेटनंतर माऊस-कीबोर्डची सेटिंग्ज कधीकधी जातात. सगळ्यांनाच माहीत असतं ते. परत लावायची असतात."

"मग तू लावलीस?"

"काय लावलेलं होतं हे मला कुठे माहीत होतं?"

"फोन होता की माझा. म म म सांगायला केलास ना?"

मी उठले, त्याला खुर्चीत बसवलं आणि त्याचा डावा हात उचलून चेंडूवर ठेवला. उजवा टेबलाखाली ठेवायला सांगितला.

"जास्तीची अक्षरं खोड. मग वाच."

"तू सांग ना काय आहे ते."

"नाही."

त्याचं बोट दोनदा चुकीच्या बटणावर गेलं. तिसऱ्यांदा तो वैतागून "च्" म्हणाला आणि पुन्हा चेंडू फिरवू लागला. पहिली ओळ मोकळी व्हायला दहा मिनिटं लागली. मी उभीच होते.

"बटणं उलटी झाली," तो वाचू लागला. "अक्षरं थांबत नाहीत. छोटीला फोन कर." मग त्याने पुढची रांग खोडली आणि स्क्रीनकडे बघत राहिला. ओठ हलले, आवाज आला नाही.

"मोठ्याने," मी म्हटलं.

"मी—" त्याने माझ्याकडे बघितलं, मी सोडवीन म्हणून.

"मोठ्याने वाच, दादा. त्यांना येत नव्हतं."

"मी वेडा नाही," दादाने वाचलं.

"परत."