वरचे चार सूर

अमृत महाजनचा आवाज पंधराव्या वर्षी फुटला तो एकदम खोल गेला. रावेरला केळीच्या बागेत तो हाक मारायचा, तर वाफ्याच्या पार टोकाला असलेली माणसं दचकून बघायची. वडील तोताराम महाजन यांनी त्याला शिकायला भुसावळला मामाकडे ठेवलं होतं. तिथे रेल्वे कॉलनीत राहणारा भूषण बोरसे त्याच्या वर्गात होता. भूषणचे वडील हिलाल बोरसे इंजिन चालवायचे. त्यांचं मूळ गाव धुळ्याकडे, नरडाण्याजवळ, त्यामुळे घरात सगळे अहिराणी बोलायचे.

कॉलनीतल्या चर्चमध्ये सुनंदाबाई साळवे ऑर्गन वाजवायच्या. रेल्वेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंना नाताळच्या गाण्यांसाठी मुलं कमी पडत, म्हणून त्या जातधर्म न विचारता कॉलनीभर फिरून मुलं गोळा करायच्या. भूषण आणि अमृत असेच त्यांच्या हाती लागले. दोन महिन्यांत बाईंनी दोघांना ओळखलं. भूषणचा आवाज टेनर, पुरुषी आवाजातला सगळ्यात उंच जाणारा. अमृतचा बास, सगळ्यात खालचा. ऑपेरा म्हणजे काय हे त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. पूर्ण नाटक गाण्यात, समोर वाजवणारे साठ जण, आणि माइक नाही.

"टेनर असतो नायक," बाई म्हणाल्या. "बास असतो राजा, पुजारी, नाहीतर नायिकेचा बाप."

"मला नायक नाही होता येणार?" अमृतने विचारलं.

"तुझा आवाज चाळिशीत तयार होईल. तोवर धीर धर."

पंधरा वर्षांच्या मुलाला चाळिशी सांगणं म्हणजे कधीच नाही असं सांगण्यासारखं होतं. त्या दिवशी घरी जाताना भूषण बाजूला शीळ घालत चालला होता, आणि अमृतला त्या शिळेचा राग आला. राग कशाचा हे त्याला तेव्हा नीट कळलं नाही.

पुढे दोघं मुंबईत शिकले, आणि २००९ साली शिष्यवृत्ती मिळवून जर्मनीला गेले. तिथे लहानलहान शहरांतही ऑपेराची नाट्यगृहं आहेत आणि गायक तिथे पगारावर असतात. अशाच एका नाट्यगृहात दोघांना काम लागलं. टेनर सगळीकडे कमी, त्यामुळे भूषण दुसऱ्याच वर्षी नायक झाला. अमृतला मिळाला पहारेकरी, म्हातारा नोकर, तुरुंगाचा अधिकारी. एकदा नायिकेचा बाप मिळाला. नायिका अडतीस वर्षांची, बाप सत्तावीसचा. रंगभूषेला बसला की पाऊण तास त्याच्या चेहऱ्यावर सुरकुत्या काढत, पांढरी दाढी चिकटवत. शेजारच्या खुर्चीवर भूषणला पाच मिनिटं पुरायची. त्याचा तरुण चेहरा तसाच हवा असायचा.

भूषणचा फोटो जळगावच्या पेपरात आला, तेव्हा रावेरच्या घरून आईने कात्रणाचा फोटो पाठवला. मध्ये भूषण, हात उंचावलेला. कडेला कापलेली अर्धी पांढरी दाढी. आईने खाली लिहिलं होतं, "यात तू कुठे आहेस ते सारिकाला ओळखू आलं." सारिका त्याची मोठी बहीण.

प्रयोगात अमृतचं काम लवकर संपायचं. मग तो पडद्याच्या आड उभा राहून भूषणचं शेवटचं मोठं गाणं ऐकायचा. त्यात एक फार उंच सूर होता. तो जवळ यायला लागला की अमृतचे हात थंड पडायचे, कारण दर वेळी त्याला वाटायचं, आज तुटावा. सूर तुटायचा नाही. भूषण घामाने निथळत आत यायचा आणि आधी त्याच्याकडेच बघायचा.

"कसं झालं?"

"मस्त," अमृत म्हणायचा. ते खरंही असायचं, आणि त्याचाच त्रास जास्त व्हायचा.

तरीही दोघं एकाच घरात राहत. भूषण भाकरी थापायचा, अमृत वांग्याचं भरीत करायचा. भूषणला साधा खोकला झाला तरी अमृत त्याच्या हातातली थंड पाण्याची बाटली काढून घ्यायचा. बारीकसारीक गोष्टींत त्याची काळजी खरी होती. ती काळजी आणि तो जळफळाट एकाच माणसात कसे मावतात, याचं अमृतला स्वतःलाच नवल वाटे.

२०१३च्या फेब्रुवारीत नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग होता. एका मोठ्या शहरातल्या नाट्यगृहाचा माणूस खास भूषणला ऐकायला येणार होता. त्याला भूषण आवडला असता तर सगळं आयुष्यच बदललं असतं. चार दिवस आधी भूषणला जोराची सर्दी झाली. प्रयोगाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता तो स्वयंपाकघरात टॉवेल डोक्यावर घेऊन वाफ घेत बसला होता.

"माझे कान बंद आहेत," तो म्हणाला. "आतून काहीच कळत नाही. मी गातो, तू ऐक आणि सांग. नको म्हणालास तर आत्ताच फोन करतो, ते बदली गायक उभा करतील."

तो उभा राहिला आणि हळूहळू वर चढत गेला. खालचे सूर स्वच्छ होते. वर गेल्यावर आधी हवा आली आणि मागून आवाज. शेवटच्या सुरांना बारीक खरखर होती, लाकडावर नखं ओढावीत तशी. अमृतला त्याचा अर्थ पक्का माहीत होता. असं झालं की थांबायचं, हे सुनंदाबाईंनी दोघांना एकाच दिवशी शिकवलं होतं.

भूषण त्याच्याकडे बघत होता.

"गा," अमृत म्हणाला. "काही होत नाही. थोडा जडपणा आहे, रंगमंचावर उभा राहिलास की निघून जाईल."

"नक्की?"

"नक्की."

भूषणने मान हलवली आणि कपबशी विसळायला घेतली. अमृत आपल्या खोलीत गेला, दार लावलं आणि पलंगावर बसून राहिला. भूषणचा गळा जावा असं त्याच्या मनात नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं, की त्या पाहुण्यासमोर एकदा, फक्त एकदा, तो सूर लागू नये. बाहेर जाऊन "थांब, मी चुकीचं सांगितलं" म्हणायला त्याच्याकडे पूर्ण दुपार होती. तो तीनदा दारापर्यंत गेला.

दुसऱ्या अंकात भूषणचा आवाज मध्येच बंद झाला. सूर तुटला असं नाही, आवाजच राहिला नाही. तोंड उघडं, हात पुढे, आणि काही नाही. वाजवणारे दोन क्षण वाजवत राहिले आणि थांबले. पडदा पाडला, आणि मध्यंतरानंतर बदली गायकाला उभं करून प्रयोग पूर्ण केला. पाहुणा मध्यंतरातच निघून गेला, त्यामुळे तिसऱ्या अंकातलं अमृतचं छोटं गाणं त्याने ऐकलंच नाही.

स्वरतंतूला रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी तीन महिने एक शब्द बोलायचा नाही म्हणून सांगितलं. अमृत रोज दवाखान्यात गेला, नंतर घरी खिचडी करून घातली. भूषण वहीवर लिहून बोलायचा. तीन महिन्यांनी आवाज आला, पण जखमेचा वण राहिला होता, आणि वरचे चार सूर गेले होते. बोलायला, हसायला, भजन म्हणायला त्या आवाजात काही कमी नव्हतं. पण टेनरची किंमत त्या वरच्या चार सुरांतच असते. पुढच्या वर्षी भूषणचा करार संपला आणि तो परत आला. हिलालभाऊंनी निवृत्तीनंतर धुळ्याला देवपूर भागात घर बांधलं होतं. भूषणला तिथल्या एका शाळेत संगीत शिकवायची नोकरी लागली, दिपमालाशी लग्न झालं. सुरुवातीला दोघांचे फोन होत. मग दिवाळीला. मग तेही नाही.

अमृतचं मात्र सुनंदाबाई म्हणाल्या तसंच झालं. पस्तिशीनंतर आवाजाला वजन आलं. मोठ्या शहरातल्या नाट्यगृहाने बोलावलं, राजे मिळाले, पुजारी मिळाले, खोटी दाढी लावायची गरज कमी झाली. पण नवा टेनर आला की पडद्याआड त्याचे हात तसेच थंड पडायचे. भूषण गेला होता, जळणं गेलं नव्हतं.

२०२५च्या डिसेंबरात सारिकाच्या मुलीच्या लग्नासाठी तो रावेरला आला. हळदीच्या दिवशी सकाळी भाच्याने फोन पुढे केला. "मामा, हे पाहा, तुमच्यासारखंच गातात हे." धुळ्याच्या शाळेतली चाळीसेक मुलंमुली कानबाईची, खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात त्या देवीची, गाणी म्हणत होती. पण सगळी एका सुरात नाही. चार वेगवेगळ्या थरांत, प्रत्येक आवाज आपापल्या जागी, आणि तळाशी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचा खालचा सूर असा भक्कम, की अमृतने फोन कानाला लावला. व्हिडिओत मुलांसमोर पाठमोरा भूषण उभा होता. चाळीस जणांची नजर त्याच्या एका हातावर.

हा इथे धुळ्यात बसून असं काही करतोय, आणि आपण अजून दुसऱ्याची गाणी गातोय. पहिल्यांदा हेच मनात आलं. इतक्या वर्षांनीही पहिल्यांदा हेच यावं, याने तो हादरला. लग्न पार पडल्यावर त्याने जळगाव गाठलं आणि धुळ्याची बस पकडली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तो मनात वाक्यं जुळवत राहिला. एकही जुळलं नाही.

हिलालभाऊ ओट्यावर ऊन खात बसले होते. त्याने हाक मारताच त्यांनी त्याला आवाजावरून ओळखलं.

"अमृत शे का? ये, ये. भूषण शाळामा शे. आधी जेवी ले."

"जेवतो, भाऊ. आधी त्याला भेटून येतो."

शाळेत मधली सुट्टी चालू होती. भूषण वरच्या मजल्याच्या जिन्यात पायरीवर बसून वही चाळत होता. केस पांढरे झाले होते. त्याने वर पाहिलं, वही मिटली आणि सरकून जागा करून दिली.

अमृत बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "त्या दिवशी सकाळी मला ऐकू आलं होतं. तुझा गळा बिघडलाय हे कळलं होतं. तरी मी गा म्हणालो."

"माहीत आहे," भूषण म्हणाला.

"कधीपासून?"

"दवाखान्यातच कळलं. हे कसं झालं, असं सगळ्यांनी विचारलं. नर्सने विचारलं, शेजारणीने विचारलं. तू रोज यायचास आणि तू एकदाही विचारलं नाहीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तीन महिने बोलायला बंदी होती. नंतर बोलावंसं वाटलं नाही."

खाली मैदानात मुलं कबड्डी खेळत होती. अमृत आता पायरीवर बसला. "मला वाटलं होतं, तू शिव्या देशील."

"बारा वर्षं देतोय. पेपरात तुझं नाव आलं की दिपमाला तो पेपर माझ्या हाती पडू देत नाही." भूषणने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आणि मी तुला इंटरनेटवर शोधून ऐकतो, हे तिला माहीत नाही. तुझा तो राजा ऐकला, मागच्या वर्षीचा. दोन दिवस मुलांवर खेकसत होतो. माझा गळा नीट राहिला असता तरी एव्हाना उतरणीला लागला असता, आणि तुझा आता कुठे भरतोय. हे मनात आलं की जेवण जात नाही. जळतो मी तुझ्यावर, अमृत."

अमृतला त्याच क्षणी बरं वाटलं. छातीत ऊब पसरावी तसं, स्पष्ट बरं वाटलं. आयुष्यभर ज्याच्यावर जळलो तो आपल्यावर जळतोय. मग त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली. तो माफी मागायला आला होता. ते गिळून टाकावं आणि चेहरा पडलेला ठेवावा, हे सोपं होतं. पण त्या सकाळीही त्याने सोपं तेच केलं होतं.

"हे ऐकून मला आनंद झाला," तो म्हणाला. "आत्ता, इथे बसून. इतका वाईट आहे मी."

भूषणने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "एवढं खरं त्या दिवशी बोलला असतास तर," तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाला, "माफ केलं असं मी म्हणणार नाही. तोंडदेखलं म्हणून काय उपयोग?"

"नको म्हणूस."

घंटा झाली. मुलं जिना चढून आली आणि दोघांना वळसा घालून वर्गात गेली. भूषण उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"आज खालच्या आवाजातली दोन मुलं आली नाहीत. उभं राहायचं तर राहा. मोठ्याने गायचं नाही, मुलं बुजतात."

अमृत मागच्या रांगेत सोळा वर्षांच्या पोरांच्यात उभा राहिला. सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. भूषणने हात उचलला. दुसऱ्याच ओळीला त्याने थांबवलं. "अमृत, तू पुढे पळतोयस. यांच्याबरोबर राहा." मुली हसल्या. अमृतच्या कानशिलापर्यंत आग गेली, कारण तो खरंच पुढे पळत होता. पुन्हा सुरू झालं. या वेळी त्याने आवाज इतका कमी केला की शेजारच्या मुलाचा श्वास त्याला ऐकू यायला लागला, आणि तो त्या श्वासाबरोबर गेला.

संध्याकाळी दिपमालाने जेवायला वाढलं. ती त्याच्याशी फारसं बोलली नाही. हिलालभाऊच भुसावळच्या जुन्या गोष्टी सांगत राहिले. भूषण त्याला बसस्टँडवर सोडायला आला नाही, कोपऱ्यावरच्या रिक्षापर्यंत आला.

त्यानंतर ते पूर्वीसारखे मित्र झाले नाहीत. महिन्याकाठी एखादा मेसेज, तोही कामाचा. खालच्या आवाजाच्या मुलांना श्वास कसा शिकवावा, असं भूषण विचारायचा, आणि अमृत दोन-दोन पानं लिहून पाठवायचा. पावसाळा संपता संपता अमृतने विचारलं, "डिसेंबरात पंधरा दिवस येऊ का, मुलांना शिकवायला?" आठ दिवस उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी आलं. "ये. तारीख आधी कळव, परीक्षा असतात."