कुंकवाचं बोलावणं

अंगणातल्या मांडवात एक उखळ होतं. शेजारच्या भिंतीला पाच मुसळं टेकवून ठेवली होती आणि प्रत्येकाला आंब्याची डहाळी बांधली होती. पाच पाट, पाच नारळ, पाच हिरवे खण. सुपात वाळवलेली हळकुंडं, तबकात हळदीकुंकवाचा करंडा, तांब्यात पाणी. बाई मात्र एकही नव्हती.

भाग्यलक्ष्मीने सगळं पुन्हा एकदा नजरेखालून घातलं. काही राहिलंय का? काहीच राहिलं नव्हतं. सूर्य माथ्यावर यायच्या आत मुसळ उखळात पडायला हवं, असं भटजींनी सांगितलं होतं. मांडवाच्या खांबाची सावली आता खांबाच्या पायाशी गोळा होत चालली होती.

"आये, कोण येवचे नाय काय गो?" शेवंतीने जनेलाच्या गजांआडून विचारलं. लग्नाची मुलगी म्हणून तिला आज सकाळपासून कामाला हात लावू दिला नव्हता.

"येतले. काजूंचे दीस मगे हे. कोणाच्यो बियो सुकत घातलेल्यो आसतल्यो."

"सगळ्यांच्योच?"

भाग्यलक्ष्मीने सुपातली हळकुंडं उगीच सारखी केली. शेवंतीने जनेल लावून घेतलं.

लग्न तीन दिवसांवर आलं होतं. सर्वणचा गोपाळ, डिचोलीच्या सोसायटीत कारकून. मुलगा चांगला होता, घरचे चांगले होते. पण हळद कांडायला मुलीच्या वाड्यावरच्या पाच सवाशिणी आल्या नाहीत, तर ती सासरी जाणार ती कोणीच पाठीशी नसल्यासारखी, हे भाग्यलक्ष्मीला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः तशीच या घरात आली होती.

तिचं जन्मनाव अमेलिया. मोझांबिकमधल्या बेइरा बंदरात गोव्यातल्या कोरगावचा गोकुळदास एका दुकानात हिशेब लिहायचा, तिथे त्यांचं लग्न झालं. तो देश स्वतंत्र झाला तेव्हा दोघं नऊ वर्षांच्या शेवंतीला घेऊन कोरगावला आली. सासूने त्यांना पुन्हा पाटावर बसवलं आणि ताटात तांदूळ पसरून त्यात बोटाने नवं नाव लिहिलं. त्या दिवशी अमेलियाला वाटलं होतं की आपल्याला आणखी एक नाव मिळालं. पुढे लक्षात आलं की आधीचं आता कोणी उच्चारणार नाही. सासू गेली. चार वर्षांपूर्वी गोकुळदासही गेला.

गाव वाईट नव्हतं. कोणी मिरच्या आणून देई, कोणी ताक. लहान पोरं तिच्या केसांना हात लावून पळत आणि आया त्यांना रागावत. पण नवरा गेल्यापासून तिच्या ओसरीवर कोणी टेकलं नव्हतं. बोलणं व्हायचं ते कुंपणावरून, आणि कुंपणावरचं बोलणं पाऊस, मासळी आणि गुरं यांपलीकडे जात नाही. संध्याकाळी ती दिवा लावून ओसरीवर बसे आणि आपल्याच भाषेत, अगदी हळू, दोनचार वाक्यं बोलून बघे. शब्द अजून जागेवर आहेत ना, एवढंच.

काल ती स्वतः पाच घरं फिरून आली होती. तिच्या लग्नात तिची आई अशीच घरोघरी चालत गेली होती. आई स्वतः दारात आली, याहून मोठा मान नाही, असं तिकडे मानत. सगळ्यांनी "बरां" म्हटलं. सगळ्यांनी पाणी दिलं. सुशीलाने तेवढं तिच्या रिकाम्या हातांकडे बघून विचारलं होतं, "मागसून आणि कोण येतला?"

"कोण नाय. मीच."

सुशीलाने पाण्याचा तांब्या उचलून आत नेला होता.

फाटक वाजलं. भाग्यलक्ष्मी उठली, पण त्या वाड्यावरच्या बायका नव्हत्या. रोझा आणि वांजिरू होत्या. डोक्याला एकाच पद्धतीने फडकी बांधलेल्या, बसच्या धुळीने माखलेल्या.

"अमेलिया!" रोझाने लांबूनच हाक मारली. त्या नावाने हाक मारणारी माणसं आता जगात बहुधा दोनच उरली होती.

आठ वर्षांपूर्वी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाग्यलक्ष्मीला गर्दीत एक फडकं दिसलं होतं. अशी गाठ इकडे कोणी मारत नाही. मासळीच्या रांगेतून, केळ्यांच्या घडांमधून ती त्या गाठीमागे धावली होती. ती रोझा निघाली. तीही बेइराची, डिचोलीच्या पांडुरंग मेस्त्रीची बायको. खाणीच्या ट्रकांचं गॅरेज होतं त्याचं. तिचं सासरचं नाव सुमंगला. मग रोझाने डिचोलीतच केनियाची वांजिरू शोधून काढली. वांजिरूचा नवरा तिला इथे ठेवून लंडनला गेला तो गेलाच. त्याचं पत्रही बंद झालं होतं. तेव्हापासून महिन्यातल्या एका शुक्रवारी तिघी बाजारामागच्या पायऱ्यांवर बसत, एकमेकींचे केस विंचरून वेण्या घालत, आपापल्या आयांची गाणी एकमेकींना शिकवत. रोझाने वांजिरूला शिवणयंत्र चालवायला शिकवलं, भाग्यलक्ष्मीने तिला पहिली गिऱ्हाइकं मिळवून दिली. आता डिचोलीतल्या अर्ध्या शाळकरी मुलींचे गणवेश वांजिरू शिवायची. तिला पोर्तुगीज येत नव्हती, या दोघींना स्वाहिली येत नव्हती, म्हणून तिघी कोंकणीत बोलत. पेडण्याच्या भिंती सध्या भाषेच्या घोषणांनी रंगल्या होत्या; मराठी की कोंकणी, यावरून घराघरात वाद. रोझा म्हणायची, "सरकाराक सांग गो, आमचे राजभाशेक आठ वर्सां जालीं."

पण महिन्याला शुक्रवार एक. बाकीचे सगळे दिवस कोरगावचे होते.

"मांडव रिकामो?" वांजिरूने खांद्यावरची जड पिशवी खाली ठेवली.

"कोण येवंक ना." भाग्यलक्ष्मी म्हणाली. "हांव सगळ्यांगेर गेल्लें. चलत गेल्लें. म्हज्या आवयन कशें केल्लें तशेंच."

रोझा फाटकाकडे वळून बघत राहिली. "पूण वाड्यार सगळ्यो बायलो नेसून बसल्यात मगो."

"कितें?"

"आतां पळयलें हांवें. ते कोनशावेले घरांत एक हिरवें लुगडें नेसून, केसांत अबोली माळून ओसरीर बसल्या. ताचे मुखार आनीक दोगी. हांवें म्हणलें, ह्यो खंय वतात? पूण खंय वचनात. बसल्यात फकत."

कोपऱ्यावरचं घर सुशीलाचं. भाग्यलक्ष्मीला काही कळेना. मग तिने मधल्या भिंतीवरून पलीकडे पाहिलं. जाऊबाई, जानकी, आपल्या अंगणात तुळशीपाशी बसली होती. अंगावर ठेवणीतली साडी, हातात नव्या बांगड्या. उखळ तिनेच पाठवलं होतं, सकाळी, गड्याबरोबर. एक शब्दही न बोलता.

रोझाची सासरी बारा लग्नं बघून झाली होती. तिने तबकाकडे पाहिलं, करंड्याकडे पाहिलं. करंड्यातलं कुंकू अगदी सपाट होतं. त्यात बोट बुडालेलं नव्हतं.

"अमेलिया, कुंकू घेवन कोण गेल्लें?"

"कुंकू?"

रोझाने कपाळाला हात लावला. मग करंडा उचलला, पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीच्या खिंडीतून पलीकडे गेली. भाग्यलक्ष्मीला इकडून सगळं ऐकू येत होतं.

"वयनी, हळद कांडूक येवचें." रोझाने जानकीच्या कपाळाला कुंकू लावलं.

"तू कोणाची गो?"

"डिचोलेंच्या पांडुरंग मेस्त्रीची बायल. सुमंगला."

"आणि हिच्या घरचां बोलावणां तू घेवन इलंस?"

"हिची भयण हांव."

"भयण! कालपासून?"

"आठ वर्सां जालीं."

जानकी उठून भिंतीपाशी आली. आवाज मुद्दाम चढा. "सकाळपासून साडी नेसान बसलंय मी. माका एक शब्द टाकलो असतो, तर करंडो घेवन मीच फिरलंय असतंय. पण माका कोण इचारता! ही आपली उठली आणि रिकाम्या हातान दारोदार. नवरो नसलेली बाय कुंकवाशिवाय सांगूक इली तर खंयची सवाशीण येतली? ह्यां पण सांगूक व्हयां?"

"व्हयां, वयनी," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "माका कोणी सांगूकच नाय."

जानकी मागे वळली. तुळशीपाशी पडलेलं एक पान उचलून तिने बाहेर टाकलं.

"चल गो सुमंगले," ती रोझाला म्हणाली, "मी येतंय वांगडा. सुशीला तोंड फुगवन बसली आसतली. एकटी गेलंस तर पाणीय देवची नाय."

अर्ध्या तासात मांडव भरला. सुशीला आली, तिच्यासमोरच्या दोघी आल्या, त्यांच्या मागून त्यांच्या सुना आल्या. नारळ हलवून बघितले गेले, खणांचे रंग तपासले गेले, शेवंतीला बाहेर आणून मधल्या पाटावर बसवलं गेलं. पाचवं मुसळ कोणी धरायचं यावर घोळ झाला. जानकी देखरेखीला राहणार होती, म्हणून सुशीला, समोरच्या दोघी आणि चौथी रोझा अशा धरल्या होत्या. वांजिरूकडे सगळ्यांनी पाहिलं.

"हिचो घोव आसा मगे?" सुशीलाने विचारलं.

"आसा. लंडनाक."

"मगे सवाशीणच ती."

"येता काय तो केन्ना?" दुसरीने विचारलं.

"तो येवंक जाय अशें शास्त्रांत खंय बरयलां?" वांजिरू म्हणाली, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "पूण म्हाका नाका मुसळ. हांव फाटल्यान वतां." पिशवी उचलून ती घरामागे गेली.

जानकीने समोरच्या घरातली सून पुढे ओढली. मग ती भाग्यलक्ष्मीकडे वळली. "आता तू मागल्या पडवेत जा," ती म्हणाली. त्यात कडवटपणा नव्हता. चुलीवरचं उतू जाणारं भांडं बाजूला घे, असं सांगावं तसं.

ही रीत मात्र भाग्यलक्ष्मीला ठाऊक होती. चार वर्षांत ती पुरेशी शिकली होती. तिने शेवंतीकडे एकदा पाहिलं. शेवंतीही तिच्याकडेच बघत होती, पण कोणीतरी मधे येऊन तिच्या हातात विडा दिला. भाग्यलक्ष्मी माजघरातून मागे गेली. मधलं दार कोणीतरी ओढून घेतलं.

मागच्या पडवीत रोजचं उखळ आणि रोजची मुसळं होती. वांजिरू तिथे जमिनीवर बसली होती. पुढे पहिलं मुसळ पडलं, मग दुसरं, मग ओवी सुरू झाली. ओवीचा पहिला चरण भाग्यलक्ष्मीला येत होता. दुसऱ्यात शेवंतीचं नाव गुंफलेलं होतं, तो तिने कधीच ऐकला नव्हता. बायका हसल्या, त्यात शेवंतीचं हसू वेगळं ऐकू आलं. कशाला हसली, ते दाराच्या या बाजूने कळण्यासारखं नव्हतं.

वांजिरूने पिशवी उखळात रिकामी केली. भिजवून सुकवलेला मका. "आमगेर चली घोवागेर वता तेन्ना आवय कांडटा," ती म्हणाली. "तुमगेरय?"

"आमगेरय."

भाग्यलक्ष्मीने एक मुसळ घेतलं, वांजिरूने दुसरं. एकाच उखळात, एक वर तर एक खाली. पहिले काही घाव अडखळले. मग हातांना आठवलं. दोघी गात नव्हत्या. भाग्यलक्ष्मीच्या गालावरून घाम आणि आणखी काही ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही, कारण दोन्ही हात मुसळाला होते.

थोड्या वेळाने मधलं दार उघडलं. चाळणी न्यायला आलेली जानकी उंबऱ्यात थांबली. उखळाकडे पाहिलं, मक्याकडे पाहिलं.

"हळू घाला गो," ती म्हणाली. "तुमच्या घावांनी आमचो ताल चुकता."

दोघी थांबल्या.

"थांबा म्हटलां नाय मी. आमच्या तालार घाला म्हटलां."

ती चाळणी घेऊन गेली. जाताना तिने दार लावलं नाही. पण दारातून मांडव दिसत नव्हता. माजघरातली अंधारी भिंत आणि तिच्यावर लटकणारी गोकुळदासची छत्री, एवढंच दिसत होतं. भाग्यलक्ष्मीने कान देऊन पुढचा ताल ऐकला, एक घाव सोडला आणि पुढच्या घावाला मुसळ खाली आणलं.

ऊन कलल्यावर बायका ओट्या घेऊन घरी गेल्या. रोझा आणि वांजिरूला डिचोलीची बस होती, त्या धावतच निघाल्या. जानकी शेराचं माप घेऊन बसली, कारण हळदीतली अर्धी सर्वणला पाठवायची होती. चाळलेली हळद तिने मोजली. मग मागच्या पडवीत येऊन, न विचारता, सर्वणसाठी मक्याचं पीठही मोजलं.

हळद दीड शेर भरली. पीठ अडीच शेर, आणि वर दोन मुठी.