शिंपीणमावशीचं पोट

बेकरीवालीने मुलांच्या घरात पाऊल टाकलं आणि त्या दिवसापासून शिंपिणीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

वस्तीच्या टोकाला, कारखान्याच्या भिंतीला टेकून पत्र्याच्या छपराचं एक चर्च होतं, आणि त्याच्या मागे सिस्टर चालवत ते मुलांचं घर. ज्यांचं कुणी नाही, किंवा कुणी आहे पण पोसायची ऐपत नाही, अशी लेकरं तिथे राहत. वस्तीसुद्धा काही खाऊनपिऊन सुखी नव्हती, त्यामुळे मदत करायची ती हातांनी. गवंडी भिंत लिंपून द्यायचा, न्हावी केस कापून द्यायचा, आणि शिंपीण गिऱ्हाइकांकडून उरलेले तुकडे जोडून झगे आणि सदरे शिवून द्यायची. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नसे, इतका तिचा हात साफ.

संध्याकाळी जेवणाआधी प्रार्थना व्हायची. पाठ केलेलं म्हणून झालं की प्रत्येक मुलाने आपल्या शब्दांत देवाकडे काहीतरी मागायचं, तेही स्वतःसाठी नाही, दुसऱ्यासाठी, अशी सिस्टरांची पद्धत. शिंपीण मागच्या बाकावर बसायची. डोळे मिटलेले, हात जोडलेले, कान मात्र टवकारलेले. ‘शिंपीणमावशीला सुखी ठेव’ हे ऐकू आलं की तिचा दिवस सार्थकी लागायचा. इतकी वर्षं तिचं नाव सगळ्यांच्या आधी यायचं, आणि बाई त्याचा तोरा मिरवायच्या.

मग बेकरीवाली आली. गरम पावांची टोपली घेऊन, हसतमुख, गोलमटोल. आठवडाभरात शिंपीण प्रार्थनेत दुसरी झाली, आणि पुढे पुढे तर गवंड्याच्याही मागे गेली.

“पाव काय, खाल्ला की संपला,” ती मुलांच्या घरातल्या स्वयंपाकिणीला म्हणाली. “झगा वर्षभर अंगावर राहतो.”

“राहतो ना,” स्वयंपाकीण म्हणाली. “पण तो खाता येत नाही, बाई.”

शिंपिणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने झग्यांना खिसे लावले, खिशांना झालर लावली. पोरींनी गिरक्या घेऊन दाखवल्या आणि पावाचा वास आला तशा पसार झाल्या. फक्त एक चिमुरडी तिथल्या जुन्या शिलाई मशीनखालून हलली नाही. सांडलेली बटणं वेचून रंगाप्रमाणे मांडत बसायची, म्हणून शिंपिणीने तिचं नाव बटण ठेवलं होतं आणि आता सगळे तिला तेच म्हणत.

बटण म्हणजे शिंपिणीचा जीव की प्राण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ही पोर मला द्याल का, असं सिस्टरांना विचारायचं तिने कितीदा तरी ठरवलं होतं. पण खोलीत एक मशीन, एक खाट. सिस्टर नाही म्हणाल्या तर इथे तोंड कसं दाखवायचं? म्हणून दर वेळी ती पुढच्या वेळेवर ढकलायची.

बेकरीवालीने काही ढकललं नाही. चिमूटभर मीठ मागावं तशी तिने बटण मागितली. सिस्टर म्हणाल्या, सुट्टीपुरती घेऊन जा, रमली तर पुढचं बघू.

ही बातमी शिंपिणीला स्वयंपाकघरात कळली. तिचा नुसता तिळपापड झाला.

“भट्टीशेजारी पोर भाजून निघेल,” ती म्हणाली. “आणि मैद्याच्या धुरळ्यात खोकून खोकून मरेल.”

पाय आपटत ती बाहेर पडली तशी स्वयंपाकीण सिस्टरांना हळूच म्हणाली, “काही नाही हो. शिंपीणबाईंच्या पोटात दुखतंय.”

दोघी हसल्या. टेबलाखाली वाटाणे सोलत बसलेली बटण मात्र हसली नाही.

त्याच संध्याकाळी प्रार्थनेनंतर बटण जायची होती. बेकरीवाली पहिल्या बाकावर होती, शिंपीण नेहमीप्रमाणे मागे. बटणची पाळी आली. तिने डोळे घट्ट मिटले.

“देवा, शिंपीणमावशीच्या पोटात फार दुखतंय. मी जाणार आहे ना, म्हणून दुखतंय. बेकरीवाल्या मावशी आल्या तेव्हापासून थोडंथोडं दुखतच होतं. तिला लवकर बरं कर.”

“आमेन,” सगळी पोरं छप्पर दणाणेल अशी म्हणाली.

गवंड्याला ठसका लागला. सिस्टरांनी तोंड ओंजळीत लपवलं, पण खांदे हलत होते ते हलतच होते. शिंपिणीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मेल्याहून मेल्यासारखं झालेलं असतानाही तिच्या लक्षात आलं, की पोरीने आज दुसऱ्या कुणासाठी काहीच मागितलं नव्हतं. बेकरीवाली तेवढी हसली नाही. तिने मागे वळून पाहिलं, आणि त्या नजरेतला समजूतदारपणा शिंपिणीला सगळ्यात जास्त खुपला.

अंगणात बटण पिशवी घेऊन उभी राहिली आणि हटून बसली. “मावशी बरी झाल्याशिवाय मी जाणार नाही.”

“मग राहा गं,” बेकरीवाली म्हणाली. तिचा चेहरा पडला होता, पण आवाज तिने सांभाळला. “बाई, खरंच दुखत असेल तर राहू दे तिला तुमच्यापाशी.”

एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द खोटाही नव्हता.

“दुखतंय जरा,” शिंपीण म्हणाली.

बटणने पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर तिला चिकटून बसली. शिंपिणीने तिला जवळ ओढलं. वाटलं, जिंकले. पण पोरीने बूट काढले नाहीत. फाटकाशी बेकरीची सायकल उभी होती, मागे बसायला उशी बांधलेली, आणि पोरीचे डोळे घडीघडी त्या उशीकडे जात होते. इकडे हात मात्र इमानाने शिंपिणीचं पोट चोळत होता.

शिंपिणीने बराच वेळ तिकडे पाहायचं टाळलं.

“थांबलं बघ,” ती शेवटी म्हणाली.

“खरंच?” बटणने पोटाला कान लावला. “आत आवाज येतोय.”

“ती भूक आहे.”

“मग जेव ना,” बटण म्हणाली, पिशवी उचलली आणि धावत सुटली. बेकरीवालीने तिला उशीवर बसवलं. सायकल हलणार तोच ती टुणकन उतरून परत आली.

“मावशी, देवाने ऐकलं की थँक्यू म्हणायचं असतं, असं सिस्टर सांगतात. आज झोपताना म्हणू ना? तुला बरं केलं म्हणून?”

शिंपिणीने तिची कॉलर नीट केली. ती आधीच नीट होती.

“इतक्यात नको म्हणूस,” ती म्हणाली. “थोडे दिवस थांब.”